एकशे अठ्ठावीसचं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चळवळीतल्या सोबत्यांना नाही, आईलाही नाही. तुला सांगतो आहे—आणि लिहितानाही हात मागे येतो आहे.

रनाळ्याच्या आमच्या घरात शाळेच्या वह्यांना कव्हरं चळवळीच्या पत्रकांची असत. ‘जाब द्या’ हे शब्द मी मुळाक्षरांसोबतच शिकलो. जाब मागायला शिकलो—द्यायला शिकलो का कधी?

पोटासाठी मी नेटवर्कची कामं करतो. धडगावच्या वर, डोंगरातल्या एका गावच्या सेवा केंद्रात राउटर मीच बसवला. दाखले, पेन्शनचे अर्ज तिथूनच जायचे. नवी लाईन दोन मेगाबिटची. राउटरला लाईन जोडणाऱ्या सिरियल कार्डात केबल नीट बसली, हिरवा दिवा लागला, खाली जाणारी जीप हॉर्न देत होती—मी निघालो. ते कार्ड जास्तीत जास्त किती वेग पेलतं, हे पाहिलंच नाही.

केंद्र जामसिंग चालवायचा. एरवी लाईन कशीबशी चाले. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की पडे. म्हाताऱ्या बाया घाट उतरून येत आणि तशाच परत जात. पैसे खायला तो लाईन बंद ठेवतो, अशी कुजबुज सुरू झाली. तो मला म्हणाला, “दादा, तुम्हीच बसवलं ना? एकदा उघडून बघा ना.” मी बघितलं नाही. चोर असंच बोलतो—हे मला इतकं ठाम कसं ठाऊक होतं?

मी पत्रक काढलं. त्याच्या नावानिशी. शहाद्याचा छापखानेवाला खूश—“भाऊ, तुन्हा पत्रकमा दम शे!” दम होताच. सरकारने जामसिंगकडून केंद्र काढून घेतलं.

मग दुसऱ्याच कामासाठी मी तो राउटर उघडला. आणि ते कार्ड—कसं सांगू?—एकशे अठ्ठावीस किलोबिटपर्यंतचंच होतं. लाईन त्याच्या सोळापट वेगाची. अशी दोन कार्डं मिळतात, तोंड दोन्हींचं सारखंच. केबल कुठेही बसते. मी चुकीचं लावलं होतं. जामसिंग एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

इथवर चूक होती. गुन्हा पुढे आहे.

मी गुपचूप कार्ड बदललं. कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या पत्रकाला असा किती कागद लागला असता? पण माझं नाव, माझा शब्द, माझी ती धार—ती कशी बोथट करायची? नव्या माणसाच्या हाताखाली लाईन धावू लागली आणि गाव हसलं, “जामसिंग गेला अन् लाईन आली! खिशात घालून फिरत होता काय?” मी तळहाताएवढं कार्ड बदललं, आणि तो पुरता चोर ठरला. हे मला नंतर उमगलं असं नाही. तिथेच, त्या हसण्यात उभा असताना कळलं होतं.

तो बायकोला घेऊन गुजरातला ऊसतोडीला गेला. होळीला परतला, तेव्हा धडगावच्या जीपस्टँडवर समोर आला. वाटलं, शिवी देईल. द्यायला हवी होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, “आता चांगली चालते म्हणे लाईन. मलाच जमलं नसेल, दादा.”

मी म्हणालो, “असेल.”