मामांचं आधार कार्ड आलं

मित्रांनो, आज मस्कतला जेवणाच्या सुट्टीत ठाण्याहून माझ्या मित्राचा, सच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या शेजारी खोपट एसटी डेपोत झोपणारे, नात्याचे नसले तरी सगळ्यांचे मामा, हातात नवं आधार कार्ड. कार्ड नाही म्हणून त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन अडलेलं. सच्याने खेपा घालून, निवारा केंद्राचा पत्ता लावून ते काढून दिलं.

लहानपणी मी आणि आई गावी निघालो की हेच मामा एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आमची जागा धरायचे.

"मामा, फोटोत हिरो दिसताय."

"गप रे. डोळा नीट झाला की पहिलं तुझ्या आईला बघायला येतो. बरी आहे ना?"

मी हो म्हणून बसलो. आईला जाऊन वर्ष झालं. आता त्यांना ऑपरेशनआधी सांगू की नंतर?