सव्वीस तारखेपर्यंतच्या नोंदी

कोरेगावच्या बाजूला एका सबस्टेशनवर माझी सांगलीहून बदली झाली, ती एका गेलेल्या माणसाच्या जागेवर. तिथले जुने ऑपरेटर बारा तारखेला दुपारी घरी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी सतरा तारखेला हजर झाले. बॅटरी रूममध्ये खुंटीला त्यांचा रबरी एप्रन तसाच होता, खांद्याचा बाक धरलेला. तो काढून ठेवायला माझा हात धजला नाही.

त्या खोलीत दोन-दोन व्होल्टचे पंचावन्न सेल, लाकडी मांडणीवर ओळीनं. बाहेर तार तुटून पडली की ब्रेकरनं त्या लाइनची वीज तोडायची असते, आणि ब्रेकरला ती ताकद या सेलांकडून मिळते. सेल मेले तर तार जिवंतच पडून राहते. म्हणून रोज एका ठरलेल्या सेलमधलं, इथं एकतीस नंबरच्या, ॲसिड हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीत ओढून त्याच्या घनतेचं रीडिंग लिहायचं. भरलेला सेल बाराशे दहा दाखवतो. बाकीच्यांना महिन्यातून एकदा पाळी.

मी रजिस्टर उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. बारा तारखेपर्यंतची रीडिंग पेनानं आणि त्यापुढे सव्वीसपर्यंतच्या नोंदी पेन्सिलीनं, आधीच लिहून ठेवलेल्या. माणूस जाऊन पाच दिवस झाले आणि रजिस्टरात तो अजून नऊ दिवस ड्युटीवर होता.

ही चलाखी मला नवी नव्हती. सांगलीला मीही हेच करायचे. महिन्याच्या सुरुवातीला पेन्सिलीनं सगळं मांडायचं आणि त्या त्या दिवशी पेनानं गिरवायचं. तरीही मला त्यांचा राग आला, कदाचित म्हणूनच जास्त आला.

त्यांचं खोटं उघडं पाडावं म्हणून मी हातमोजे चढवले आणि एकतीस नंबरच्या सेलमध्ये नळी बुडवली. अकराशे ऐंशी. वहीत सतरा तारखेपुढे पाहिलं. अकराशे ऐंशी.

योगायोग असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी अकराशे पंच्याहत्तर. वहीतही तेच. मग माझ्या लक्षात आलं की पेन्सिलीचे आकडे रोज पाचानं उतरत होते. खोटं लिहिणारा असं कधीच लिहीत नाही. तो बाराशे दहाची रांग लावून मोकळा होतो. हे मला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या दिवसांत त्या खोलीत जायची मला चक्क भीती वाटायला लागली. ऊन टळटळीत असायचं, एक्झॉस्ट पंखा चालू असायचा, चार्जिंगवरचे सेल भात शिजत आल्यासारखे हळू बुडबुडत असायचे, आणि ॲसिडच्या वासानं घसा खवखवायचा. मी वहीवर अंगठा ठेवून आधी रीडिंग घ्यायचे, मग अंगठा उचलायचे. प्रत्येक वेळी तोच आकडा. पाठीमागे एप्रन लटकत होता. कुणीतरी मला आकडे सांगतंय आणि मी फक्त गिरवतेय, असं वाटायचं. वहीत पंचवीस तारखेपुढे अकराशे चाळीस होतं. सव्वीसपुढे आकडा नव्हता, नुसती एक आडवी रेघ.

आमच्याकडचा लाइनमन निवृत्तीला आलेला होता. मी एकवीस तारखेला त्याला सगळं सांगितलं. तो दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"त्येंचं लिवणं कवा चुकायचं न्हाई, मॅडम. आमी तारंला हात लावतो तो ह्या डब्यांच्या जिवावर, व्हय ना? मग त्या रेघंच्या आधी काय ते बघा."

एक सेल तुटला की पंचावन्नच्या पंचावन्न बंद, सगळे एका माळेत असतात. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, नवा सेल मागणी केल्याशिवाय येत नाही, मागणीचा नमुना पाठवा. नमुना शोधताना ड्रॉवरमध्ये त्यांच्या अर्जाच्या तीन नकला सापडल्या. शेवटच्या अर्जात लिहिलं होतं, 'सेल क्रमांक एकतीस रोज पाचानं उतरत आहे. याच गतीनं सव्वीस तारखेला अकराशे चाळीसच्या खाली जाईल; त्याखाली तो तग धरणार नाही.' पेन्सिलीचे आकडे चलाखीचे नव्हते, हिशेबाचे होते. मला शरमेनं बसवेना. ज्या माणसाला मी मनात लबाड म्हणत होते, तो एका सेलच्या मरणाची तारीख काढत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

पंचवीसला साहेबांकडून तोंडी परवानगी मिळवली. लाइनमनला घेऊन एकतीस नंबर सोडवला, शेजारचे दोन सेल पट्टीनं जोडले, चार्जरचं व्होल्टेज तेवढं उतरवलं. एक सेल कमी असला तरी बॅटरी काम करते. सुटा सेल कोपऱ्यात ठेवला. सव्वीसला सकाळी त्याला मीटर लावला. काटा हलला नाही.

लाइनमननं एप्रनकडे बघून हात जोडले आणि कामावर गेला. मला मात्र सांगली आठवली.

मी तिथल्या माझ्या जागेवर आलेल्या ऑपरेटरला फोन लावला आणि विचारलं, बॅटरी कशी आहे?

"एकदम ओके, मॅडम. बाराशे दहा. तुम्ही लिहायचा तेच पुढे चालू ठेवलंय."

"नळी बुडवून बघता ना?"

"हायड्रोमीटर तर तुमच्या वेळीच फुटला होता ना, मॅडम?"

फुटला होता. माझ्याच हातून. नवा मागवायचा कंटाळा केला होता, आणि त्यानंतरचं प्रत्येक बाराशे दहा माझ्या मनातलं होतं. माझी बदली झाली तरी माझा हात तिथं लिहीतच होता.

मी येईपर्यंत कुणालाही लाइनवर चढवू नका, एवढं त्याला बजावलं. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, हायड्रोमीटर टॉवेलात गुंडाळला आणि सांगलीची गाडी धरली.