इंगोलेकाकांच्या व्हॅनवरची काडी

आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते सोयाबीनच्या पोत्यांवर वडिलांचं नाव, तेवढंच. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी, आणि मीही प्रयोगवहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. एका माणसाबद्दल लिहिण्याएवढी माझी तयारी आहे असं मला वाटत नाही. पण ज्यांनी इंगोलेकाकांना कधी पाहिलं नाही, त्यांना ते थोडेतरी दिसावेत असं फार वाटतं. जिथे ते नीट दिसणार नाहीत, तिथे दोष माझ्या लिहिण्याचा समजावा.

त्यांची माझी ओळख टिचकीने झाली. आसेगावहून मंगरूळपीरला जाणाऱ्या काळीपिवळीत मी मागच्या बाकावर दाटीत बसलो होतो. गाडी भरायची वाट पाहत सगळे गप्प होते. तेवढ्यात डोक्यावर टपावर टक् टक् टक् असा आवाज झाला. एक बाई दचकल्या, त्यांच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाप्पा, तो दरवाजा हाय का?" बाहेर खाकी शर्टातले, साठी उलटलेले एक गृहस्थ टपाला कान लावून उभे होते. ते म्हणाले, "पत्रा असली हाय बे तुया. सांभाळजो." मग आत शिरून माझ्याच शेजारी बसले.

माझ्या मांडीवर भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं. त्यांनी ते उलटं करून नाव वाचलं.

"भौतिक शिकतं का?"

"हो."

"मंग सांग. जमिनीत सळाक ठोकली की घराले अर्थिंग भेटते. चार रबरी चाकांवर उभ्या गाडीले कुठून भेटनार?"

मला उत्तर आलं नाही. वर्गात उत्तर आलं नाही की मी करतो तेच केलं, खाली पाहिलं. पण काकांना केवढा आनंद झाला! "तुले बी नाई येत! मले बी नाई येत. रविवारी घरी ये, दोघं मिळून पाहू." जे येतं त्यासाठी मला लोकांनी बोलावलं होतं, अर्ज भरून द्यायला वगैरे. जे येत नाही त्यासाठी पहिल्यांदाच कोणी घरी बोलावत होतं.

काका वीज मंडळात लाइनमन होते. मंगरूळपीरच्या आजूबाजूला असे फार कमी खांब असतील, ज्यांवर ते चढले नाहीत. नोकरीत असतानाच त्यांना हॅम रेडिओचा नाद लागला. सरकारची परीक्षा देऊन, लायसन घेऊन, घरच्या वायरलेसवरून जगातल्या अशाच हौशी लोकांशी बोलायचं, असा हा छंद. त्यात इंटरनेट नाही, टॉवर नाही. एक सेट, एक तार आणि हवा. निवृत्तीनंतर काका रोज सेट लावून बसू लागले, तर कानात नुसती खरखर. गावात दिवे वाढले, सोलरचे पंप आले, आणि विजेच्या तारांची गुणगुण तर चोवीस तास. काका हसत सांगायचे, "ज्या तारा म्या सोता ओढल्या, त्याच आता मले ऐकू देत नाईत. आपलंच लेकरू आपल्यावर ओरडून राह्यलं म्हनलं तर कोनाले सांगाव?"

म्हणून त्यांनी ठरवलं, दुसरा एक सेट जुन्या व्हॅनमध्ये बसवायचा, वर एरियल लावायचं आणि तारांपासून लांब माळावर जाऊन बोलायचं. टपांना टिचक्या मारणं हे त्याचंच. गाडीवर एरियल लावायचं तर खालचा पत्रा चांगला लागतो, आणि एकदा कान तयार झाल्यावर त्यांना दुसऱ्यांचेही पत्रे तपासल्याशिवाय राहवेना. खिशात लोहचुंबक असायचं. शेजाऱ्यांनी जुनी कार घेऊन गल्लीत पेढे वाटले, तेव्हा काकांनी पेढा तोंडात टाकला आणि चुंबक कारच्या दरवाजाला लावलं. ते घसरून खाली पडलं. "पत्रा नाई, पुट्टी हाय. या गाडीनं तुमच्या आंधीच कोनाले तरी धडकून भेट देल्ली."

ते पुट्टीचं काम होतं अकीलमिस्त्रीचं. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. तो गॅरेजमधून तावातावाने आला. "काका, तीन दिवस घासून घासून काम केलं म्या. तुमी दोन सेकंदात नंगं केलं. अल्लाले घाबरा!" काका म्हणाले, "तुया कामाले नाव ठेवलं का? उलट चुंबक नसतं तर माया बापाले बी नसतं समजलं." अकीलला राग धरता येईना. व्हॅनवरचं काम काकांनी त्यालाच दिलं.

मी रविवारी गेलो तेव्हा व्हॅन दुधासारखी पांढरी रंगवून अकीलच्या गॅरेजात उभी होती. बॅटरीपासून दोन जाड तारा, दोन्हीवर फ्यूज, हे काकांनी आधीच ओढून ठेवलं होतं. मागच्या कोपऱ्यावर लोखंडी पट्टी बसवली, तिच्यावर सात-आठ फुटांची लवलवती काडी. अकीलने ती बोटाने हलवून पाहिली. "काका, रेडिओ लावून राह्यले का मासोया धरून राह्यले?"

अर्थिंगचा प्रश्न काकांनी लाइनमनसारखा सोडवला. गाडीखाली लोखंडी साखळी बांधली, म्हणजे ती सतत जमिनीला टेकत राहील. मी पुस्तकातून काहीतरी वाचलं होतं, की गाडीचं अंगच जमिनीचं काम करतं. पण बोलायचं धाडस झालं नाही. मंगरूळपीरच्या बाजारातून व्हॅन खळखळ करत निघाली. मागे कुत्री, कुत्र्यांमागे पोरं. अकील गॅरेजच्या दारातून ओरडला, "काका, बकरी सुटली काय तुमची?" दोन दिवस साखळी घासली, रेडिओत काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी मी चाचरत चाचरत ते पुस्तकातलं वाक्य सांगितलं. काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "हे तुले कधीपासून मालूम हाय?"

"साखळी बांधली त्या दिवसापासून."

"आन मले कुत्र्यासोबत गावभर फिरू देल्लं!" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, मनात ठेवलेली गोष्ट आन डब्यात ठेवलेली भाकर, दोन्ही बुरसते. बोलत जाय."

गाडीचं अंगच अर्थिंग, तर काडीखालची पट्टी त्या अंगाला नीट भिडायला हवी. तिथे आडवा येत होता अकीलचा रंग. काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडू लागले, तसा अकील तोंड फिरवून उभा राहिला. "माया डोयासमोर नका करू." काका म्हणाले, "जिथं लोखंडाले लोखंड भेटते, तिथं रंग नाई पायजे अकील. बाकी पुरी गाडी तुयी." आम्ही माळावर गेलो, काकांनी बटण दाबलं. पाठवलेल्यातलं किती परत येतं ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली पडून राहिला, म्हणजे सगळं हवेत गेलं. तासाभरात काका इंडोनेशियातल्या कुणाशी तरी मोडक्या इंग्रजीत हवापाणी बोलत होते.

मग दर रविवारी पाच वाजता माळ. बांधावरून जाणारे थांबायचे. एकाने काडीकडे बघून विचारलं, "साहेब, पानी कधी येते?" काका म्हणाले, "रशियात बर्फ पडून राह्यला. आपल्या इकडचं मले कोनी सांगतलं नाई." परदेशी गप्पा झाल्या की शेवटी ते मराठीत हाक द्यायचे, "वाशिम जिल्ह्यात कोणी आहे का?" आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून पाच मिनिटं नुसतं ऐकायचे. कधीच कोणी नसायचं. एकदा मी विचारलं, मिळतं तेवढं जग पुरत नाही का? ते थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाले, "दुनियेसंग बोललो. पन जिल्ह्यात मले उत्तर देनारा एक बी नाई. सारं गाव झोपलं असताना एकट्यानं आरती म्हनल्यासारखं लागते. माया जीवात जीव हाय तोवर आनखी एक पायजे. बस, एक."

तो एक मी व्हावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या आधी त्यांनी बऱ्याच जणांना शिकवून पाहिलं होतं. कोणी पोलीसभरतीला गेलं, कोणाचं लग्न झालं. मला ते शिकवू लागले, पण लायसन येईपर्यंत माइकला हात लावू दिला नाही. "ऐकनं हे अर्ध लायसन हाय. ते म्या तुले देल्लं. बाकीचं सरकार देईन."

याच दिवसांत एकदा व्हॅन ब्रेकच्या कामाला अकीलकडे दोन दिवस राहिली, आणि त्यानंतर रेडिओ मुका झाला. माळावर काटा थेट लाल पट्ट्यात. तीन रविवार आम्ही फ्यूज बदलले, सोल्डर पुन्हा केलं, काडी उतरवून धुतली. काका आपलीच बोटं उलटसुलट करून पाहायचे. "माये हातच आता कामाचे नाई राह्यले," असंही एकदा म्हणाले. चौथ्या रविवारी आम्ही गॅरेजात असताना अकील जवळ आला, जरा फुरंगटून. "काका, मांगचं काम पाह्यलं नाई का तुमी? एक लफ्ज बी बोलले नाई."

"कोनतं काम?"

"ते खरवडलं होतं ना तुमी, तिथं जंग लागला असता. म्या पट्टी खोलली, घासलं, प्रायमर मारलं, दोन हात कलर देल्ला, परत बसवली. पैसे बी नाई सांगतले."

मला वाटलं, आता काका संतापणार. काका अकीलकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते हसत हसत जुन्या टायरवर बसले ते उठेचनात. अकील घाबरून मला विचारतो, "काय झालं बे यायले?" मी सांगितल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. काकांनी डोळे पुसले आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातात दिला. स्वतःचा दात स्वतः उपटावा तसा अकीलने तो रंग खरवडला. त्या संध्याकाळी काकांनी त्यालाही माळावर नेलं. काटा खाली आला आणि स्पीकरमधून एक लांबचा आवाज उमटला.

"कोन हाय हा?" अकीलने विचारलं.

"ताश्कंदचा हाय."

अकीलने काडीखालच्या उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे तीन हप्त्यापासून हा मानूस माया कलरखाली दबला होता?"

आम्ही खूप हसलो. हसण्यापलीकडे मला त्यात काही दिसलं नाही.

मी नागपूरला जाऊन परीक्षा दिली, पास झालो. लायसनचा कागद यायला वेळ लागतो, तो लागत होता. काका दर रविवारी विचारायचे, "आलं का?" आणि मी नाही म्हटलं की, "येईन. मी कुठं चाललो?"

रामनवमी जवळ आली होती, पोहरादेवीच्या यात्रेच्या गाड्या रस्त्याने वाहायला लागल्या होत्या. त्या दिवसांत एका सकाळी काका अंगणात बसल्या जागी गेले. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, तोवर सगळं संपलं होतं. मी पोहोचलो तेव्हा अकील व्हॅनला टेकून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

माझं लायसन त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. काकूंना दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी घरचा सेट माझ्या हवाली केला. "घेऊन जाय. हा मुका बसला तर मले करमत नाई." व्हॅन त्यांनी होती तशीच अकीलला दिली, चालती राहावी म्हणून. मी वाशिमला, कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीच्या गच्चीवर तार बांधली आणि दर रविवारी पाच वाजता बोलू लागलो. आता ताश्कंद नाही, पण केरळ मिळतं, श्रीलंका मिळते. शेवटी मीही विचारतो, "वाशिम जिल्ह्यात कोणी आहे का?" आणि पाच मिनिटं ऐकतो. काकांना काय वाटत असेल, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं.

काल, शनिवारी, काकूंचा फोन आला.

"कसा हायस? जेवला का? ऐक, मी तुले कायी सांगून नाई राह्यली."

"बरं, काकू."

"मले शपथ घातली हाय. पन पोटात ठेवून मी मरन बाप्पा. आपला अकील पास झाला! लायसन बी आलं त्याचं परवा."

काकू सांगत होत्या, "तुये काका त्याले दर शुक्करवारी शिकवत होते, नमाजनंतर, गॅरेजचं शटर अर्ध खाली करून. पहिल्या बारीले नापास झाला. आठवी शिकेल मानूस तो. काकांले म्हने, त्या कॉलेजवाल्याले सांगू नका, त्याच्यासमोर माई इज्जत जाईन. मंग हे गेले, तरी यानं सोडलं नाई. दुसऱ्या बारीले निघाला."

कॉलेजवाला म्हणजे मी. माझ्यासमोर कोणाला लाज वाटत असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं.

"काकू, मी आत्ताच फोन करतो त्याला."

"खबरदार! उद्या पाच वाजता तो गाडी घेऊन माळावर जानार हाय. तू इचारशील ना, कोनी हाय का म्हून, तवा तो एकदम आवाज देनार हाय. तुले कायी मालूम नाई, समजलं? जरा दचकजो. नाई त त्याचं मन मोडन."