मामाचं पहिलं ‘बस’

सकाळी कॉलेजात मार्क गेले, दुपारी घरी इज्जत गेली. आता तुम्हीच सांगा.

आमच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्सचं वाढण्याचं प्रॅक्टिकल होतं. सर पाहुणे होऊन बसले. ते ‘बस’ म्हणाले तरी मी सवयीने आणखी एक पळी भात वाढला. सरांनी मार्क कापले. “पाहुणा नाही म्हणाला की हात थांबला पाहिजे.”

दुपारी कुरखेड्याहून मामा जेवायला आले. पहिल्याच पळीला “बस” म्हणाले. मी थांबले आणि भाताचं भांडं आत नेलं.

मामा ताटाकडे पाहतच राहिले. मग आईला म्हणाले, “बाई, पोरीच्या कॉलेजात पाहुण्याले उपाशी उठवाले शिकवून राह्यले काय?”

आईने भांडं परत आणलं. मामा “नाई, नाई” म्हणत पोटभर जेवले.

उद्या पुन्हा प्रॅक्टिकल आहे. तुमच्याकडे कितव्या ‘नाई’ले खरी नाई धरतात?