गाडीला वापरायचे पाणी

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, दिंद्रुडहून बीडला जाताना वडवणीच्या अलीकडे आमची गाडी बंद पडली. गाडीत मी आणि आई, दोघेच होतो. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. बीडच्या डायलिसिस केंद्रात मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊची वेळ तिच्यासाठी ठरलेली होती.

गाडी त्यासाठीच घेतली होती. चार दरवाजांची, छोट्या इंजिनाची, पुण्यात एका बँक कर्मचाऱ्याने सात वर्षे वापरलेली. गाडी घर ते बँक एवढीच फिरली आहे, असे त्याने विकताना सांगितले होते. ते खरे असावे. आमच्या रस्त्यावर तिचे पोट जमिनीला लागायचे. पहिल्याच महिन्यात दगड लागून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला आणि सगळे ऑइल रस्त्यावर सांडले. नंतर पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट गेले, मग क्लच प्लेट. एअर फिल्टर धुळीने भरायचा. तो झटकून पुन्हा बसवायचो. एसीचा गॅस उडाला तो परत भरलाच नाही. मी तालुक्याचा वार्ताहर होतो. मानधन ठरलेले होते, गाडीचा खर्च ठरलेला नव्हता. जे बिघडल्यावर गाडी जागची हलत नाही ते आधी, आणि जे बिघडूनही ती चालते ते नंतर, असा क्रम मी लावून घेतला होता.

वॉटर पंपाची गळती या दुसऱ्या प्रकारात होती. रेडिएटरमध्ये आठवड्याला लिटरभर पाणी घातले की भागायचे. पंप पुढच्या महिन्यात बदलू, असे मी चार महिने म्हणत होतो.

त्या वर्षी गावात घरोघरी पाण्याचे दोन भाग होते. प्यायचे आणि वापरायचे. प्यायचे पाणी टँकरचे. ते फडक्याने गाळून माठात भरले जाई. वापरायचे पाणी खोल बोअरचे. ते निळ्या ड्रममध्ये असे. त्याला साबणाचा फेस येत नसे. बादलीच्या काठावर त्याचा पांढरा थर बसे आणि तो खरवडूनही निघत नसे. हे पाणी पिण्यास अयोग्य असल्याची बातमी मीच दिली होती.

पहिल्यांदा गाडीसाठी मी माठात तांब्या बुडवला तेव्हा आईने हात धरला.

"आरं, कुठं चालला ते घिऊन?"

"गाडीत घालायला."

"मला डॉक्टर मोजून पाणी देतो, अन् तुझी गाडी माठातलं पिती व्हय? लेकुरवाळी हाय का ती? ड्रममधलं घाल की."

मी ड्रममधले घातले. गावातल्या जीपला आणि ट्रॅक्टरलाही तेच घालत. माठातले पाणी गाडीला देणारा माणूस त्या वर्षी गावात कोणी पाहिला नसेल.

त्या मंगळवारी चढाला लागल्यावर तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला. मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडले तेव्हा वाफ येत होती. रस्त्याच्या कडेला एक बंद हॉटेल होते, त्यामागचा हापसा कोरडा होता.

"गार होऊ दे जरा," आई आतून म्हणाली.

"नऊची वेळ हाय आपली."

तिने पिशवीतून बाटली काढून खिडकीतून पुढे केली. डॉक्टरांनी तिला दिवसभरासाठी सांगितलेले पाणी त्यात होते.

"तुझं हाय ते," मी म्हणालो.

"घाल. तिथं गेल्यावर बघू."

मी फार तर पाच मिनिटे थांबलो असेन. टॉवेल गुंडाळून झाकण उघडले आणि बाटली ओतली. आत टक्कन आवाज झाला. इंजिन एकदा सुरू झाले, मागून पांढरा धूर आला आणि ते बंद पडले. त्यानंतर ते सुरू झाले नाही.

प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने आम्ही साडेदहाला केंद्रात पोहोचलो. आईचे मशीन पुढच्या रुग्णाला दिले होते. दुपारची पाळी होणार नव्हती, कारण केंद्राचा पाण्याचा टँकर आला नव्हता. शुक्रवारी या, असे सांगण्यात आले.

संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडी गावात आणली. जवळच्या सहकारी साखर कारखान्यातला बॉयलरचा एक फिटर गावातच राहत होता. ऊस नसल्यामुळे त्या हंगामात बॉयलर पेटलाच नव्हता. दिवाळीपासून तो लिंबाखाली बसून गाड्या दुरुस्त करत होता. त्याने रेडिएटर सोडवला, उलटा करून आपटला. चुन्यासारख्या खपल्या खाली पडल्या.

"कोणतं पाणी पाजत होता बे हिला?"

"ड्रमचं."

"वा रे पत्रकार! लोकाला सांगतो पिऊ नका, अन् गाडीला पाजतो?"

"सगळेच घालतात."

"म्हणून तर माझं दुकान चालू हाय. बॉयलरला आमी हे पाणी दाखवत बी नव्हतो. आधी क्षार काढून मऊ करायचं, मग आत सोडायचं. नळीला खपली धरली की खेळ खलास."

"मग आधी कावून नाही सांगितलं?"

"तू इचारलं कधी?"

मग त्याने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, काढला. हेडला आरपार चीर गेली होती; तापल्या इंजिनात गार पाणी ओतले की असेच होते, असे तो म्हणाला. पुण्याच्या भंगार बाजारातून जुने हेड मागवावे लागेल, आठ-दहा दिवस जातील, असे त्याने सांगितले.

शुक्रवारी आम्ही एसटीने गेलो. डायलिसिस झाले. परतताना बीडच्या स्थानकात बसला दोन तास उशीर झाला. आईला उलट्या झाल्या आणि ती फलाटावर पदर तोंडावर घेऊन आडवी पडली. गावातली एकमेव भाड्याची जीप चारा छावणीच्या कामावर लागली होती. पुढच्या मंगळवारी सकाळी सातची एसटी आली तेव्हा आई थांब्यावरच्या दगडावरून उठली नाही.

"चल की, बस थांबलीय."

"त्या बसनं मी न्हाई येत. लई हाल व्हतेत. गाडी झाली की जाऊ."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. बस गेली.

बुधवारी तिच्या पायांवर सूज दिसली. हेड पुण्याहून निघाल्याचे फिटरने गुरुवारी सांगितले. शुक्रवारी मी पुन्हा एसटीचा विषय काढला. तिने भिंतीकडे तोंड केले. शनिवारी हेड आले; ते दुसऱ्या मॉडेलचे होते, बसले नाही. फिटरने ते परत पाठवले.

रविवारी दुपारी तिला धाप लागली. रुग्णवाहिका साडेचारला आली. बीडला पोहोचण्यापूर्वी आई गेली. दाखल्यावर मृत्यूचे कारण मूत्रपिंडे निकामी होणे असे लिहिले आहे.