न उघडलेल्या बाटल्या

ते कपाट उघडल्याचं आठवलं की आजही मला हात धुवावेसे वाटतात.

नव्वदच्या सुमारास मी महाराष्ट्राच्या सीमेलगत, आंध्रातल्या भैंसा भागात पोलीस सर्कल इन्स्पेक्टर होतो. गरोदर बाईच्या पोटातलं पाणी सुईने काढून मुलगा की मुलगी ते सांगायला महाराष्ट्रात बंदी आली होती, आमच्याकडे नव्हती. म्हणून पलीकडचा एक डॉक्टर आमच्या हद्दीत येऊन बसला होता. मला त्या धंद्याची चीड होती, पण कलम नव्हतं. मी गप्प होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना सीमेवरच्या गावातली सुईण ठाण्यात आली. बाई सरळ मुद्द्यावर आली.

"साहेब, आमच्या गावच्या पाच जणी त्याच्याकडं गेल्या. पाचीलेबी पोरगीच सांगतली. असं काऊन? पोट खाली केल्यावर मी पाहू म्हणलं, तं पाहू देल्लं नाई. आता पाटलाच्या सुनेचं उद्या खाली करून राह्यले."

फसवणुकीला मात्र कलम होतं. दोन पंच घेऊन मी त्याच्या दवाखान्यात गेलो. पाणी तपासायला कुठे पाठवता, विचारलं. आधी नागपूर म्हणाला, मग हैदराबाद. कोणाबरोबर पाठवता, यावर तो खिडकीबाहेर बघू लागला. त्याची नजर मुद्दाम कपाटाकडे जात नव्हती, म्हणून मी तेच उघडायला लावलं.

आत लहान बाटल्यांच्या रांगा होत्या. प्रत्येकीत पिवळसर पाणी, वर बाईचं नाव, सील जसंच्या तसं. हवालदार एकेक नाव वाचून पंचनाम्यात उतरवू लागला.

"मुलगी सांगितली की ते पोट खाली करतात," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "मग मला खोटं ठरवायला कोणी उरत नाही."

त्याला लॉकअपमध्ये टाकून मी पाटलाचं घर गाठलं. तपासणी झालीच नाही, पोटात काय आहे कोणालाच माहीत नाही, असं सांगितलं. दाराआड उभ्या सुनेने पोटावर हात ठेवला.

"म्हंजे उद्या नाई जायचं?" ती म्हणाली.

सासूने माझ्यापुढे चहा ठेवला. "साहेब, मंग खरी तपासणी कुठं होते? तुमाले तं ठाऊक असन."

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही, पण ते शोधणार हे मला दिसत होतं. फिर्यादीशिवाय गुन्हा उभा राहत नव्हता, म्हणून 'आमची फसवणूक झाली' या जबाबावर मी पाटलाचीच सही घेतली. सून बघत होती.

आरोपी पकडला म्हणजे बाई वाचली असं होत नाही, हे मी त्या ओसरीवर शिकलो. पुढे दोन वर्षं मी त्याच भागात होतो. त्या सुनेचं काय झालं, हे मी सुईणीला एकदाही विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती, आणि त्याची मला लाज वाटते.