मोर्चात कोण कोण होतं

आमच्या गल्लीत विड्या वळणारी एक बाई आहे. साठी उलटली तरी तिच्या बोटांना चैन नाही. बोलताना हातात पान नसलं तरी ती वळतच असतात. घरात तेलुगू, शेजारणींशी दखनी, माझ्याशी मराठी. आणि दर वाक्याला 'की'.

तरुणपणी ती विडी कामगारांच्या मोर्चात होती. त्या मोर्चाच्या पुढाऱ्यावर सिनेमा निघाला. पहिल्या खेळाला दिग्दर्शक सोलापुरात येणार होता, म्हणून मी तिला मुद्दाम घेऊन गेलो.

पडद्यावरच्या मोर्चात सगळ्या गोऱ्यापान, नऊवारीतल्या पोरी. घोषणा शुद्ध मराठीत. एक तेलुगू शब्द नाही, एक बुरखा नाही. लाठीमार सुरू झाला तेव्हा पोरी किंचाळत मागे पळाल्या आणि नायक एकटाच पुढे झाला. या शहरात जन्म काढलेल्या माणसाचं डोकं फिरावं, असंच ते होतं.

खेळ संपल्यावर ती तडक दिग्दर्शकापुढे जाऊन उभी राहिली.

"आमी कुटं हाय ह्यात? माझ्या जोडीला विड्या वळणारी रझिया कुटं हाय? तिचा हात मोडला की त्या दिवशी."

तो हसला. "आजी, सिनेमाला एकच चेहरा लागतो."

"मग लाठ्या खायला बी एकच चेहरा न्यायचा की! आमाला कशाला बोलावलं?"

त्याच्या माणसाने फोटोसाठी तिचा हात धरला. तिने तो झटकला आणि ती दाराकडे निघाली. मागच्या खुर्च्यांवरून पाच-सहा म्हाताऱ्या उठल्या आणि तिच्यामागे चालू लागल्या.